दाढ काढली की डोकं थांबेल का?

वाचकाचं पत्र:

‘माझं वय ४१. सेलू तालुक्यातल्या गावात घरीच शिवणकाम करते. दोन वर्षांपासून उजवं कानशील दुखतं. कधी सकाळी उठल्या-उठल्या, कधी दुपारी मशीनवर बसल्यावर. महिन्यातून तीनेक वेळा तर इतकं उठतं की उजेड नको, आवाज नको, उलटी होते आणि दिवसभर अंधारात पडून राहावं लागतं. उजवीकडची वरची दाढ किडली आहे, थंड पाणी लागलं की कळ जाते. मेडिकलवरून गोळी आणते, आठवड्याला चार-पाच होतात. गावातले डॉक्टर अर्धशिशी (मायग्रेन) म्हणतात. दातांचे डॉक्टर म्हणाले, दाढ काढून टाका, डोकं थांबेल. सासूबाई म्हणतात, वरची दाढ काढली की नजर जाते. मिसरी लावते, खोटं सांगत नाही. काय करू?’

उत्तर:

ताई, डोकं थांबावं एवढ्यासाठी दाढ काढू नका. दाढेचा इलाज मात्र याच आठवड्यात सुरू करा, कारण ती किडलेली आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की दाढही जाते आणि डोकंही तसंच राहतं. मग शेजारच्या दाढेवर संशय येतो. एकापाठोपाठ दोन-तीन चांगल्या दाढा अशा गेलेले रुग्ण दातांच्या दवाखान्यांना नवे नाहीत.

घोटाळा होतो तो नसेमुळे. दात, हिरड्या, जबड्याचा सांधा, कानशील, कपाळ आणि मेंदूवरचं आवरण या सगळ्यांची दुखण्याची खबर मेंदूकडं नेणारी मुख्य नस एकच, ट्रायजेमिनल. तिला तीन फांद्या आहेत. पहिली कपाळ आणि डोळ्याकडं जाते, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडं, तिसरी खालच्या दातांकडं, जबड्याकडं आणि कानशिलाकडं. तिन्ही फांद्या मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी उतरतात. मानेच्या वरच्या भागातल्या नसाही तिथंच येऊन मिळतात. एका डीपीवरून तीन शेतांना लाइन गेलेली असली, तर फॉल्ट कोणत्या शेतात आहे हे डीपीजवळ उभं राहून कळत नाही, तसंच हे. म्हणून दाढ सडली तरी कानशील ठणकू शकतं, आणि अर्धशिशी उठली तरी वरच्या निरोगी दाढा दुखू शकतात. दुखणं दोन्ही दिशांनी फसवतं.

तुमच्या पत्रातून एकच दुखणं दिसत नाही. दाढ एक. उजेड नकोसा होऊन उलटी होणारी अर्धशिशी दुसरी. सकाळी आणि मशीनवर येणारं कानशिलाचं दुखणं बहुधा जबड्याच्या स्नायूंचं, ते तिसरं. चौथं दुखणं गोळ्यांनी तयार केलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

दाढेपासून सुरुवात करू. थंड पाणी लागल्यावर कळ किती वेळ टिकते ते घड्याळ लावून पाहा. चार-पाच सेकंदांत विरली तर आतली नस अजून वाचण्यासारखी असते. कीड कोरून सिमेंट भरलं तरी भागू शकतं. अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळली, आपोआप ठणका सुरू झाला, आडवं झाल्यावर वाढला, तर नस सुजलेली आहे आणि नुसत्या फिलिंगनं ती शांत होत नाही. महिनाभर ठणकणारी दाढ एखाद्या दिवशी एकदम गप्प झाली, तर बरी झाली असं समजू नका. बऱ्याचदा आतली नस मेलेली असते, आणि पुढं मुळाशी पू धरतो.

दाताचं दुखणं चेहऱ्याची मधली रेघ ओलांडत नाही. तुमचं डोकं कधी डावीकडूनही उठत असेल, तर त्या वेळचं दुखणं या दाढेचं नाही. किडलेल्या दाढेनं उजेड आणि आवाज नकोसा होऊन उलट्या होणं, हेही सहसा घडत नाही.

दवाखान्यात तीन गोष्टी करून घ्या. त्या एका दाढेचा, मुळांची टोकं दिसतील असा छोटा एक्स-रे. प्रत्येक दाढ हळूच ठोकून पाहणं: एकच दाढ दुखली तर दोष त्या दाढेत, पण वरच्या सगळ्या दाढा एकदम दुखल्या, वाकल्यावर गाल जड झाला आणि नाक चोंदलेलं असलं तर सायनसकडं, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीकडं, पाहावं लागतं, कारण वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला अगदी लागून असतात. तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केली जाणारी. कानशील दुखत असतानाच दवाखान्यात जा आणि दाढ बधिर करायचं इंजेक्शन द्यायला सांगा. दाढ बधिर झाली आणि कानशीलही पूर्ण शांत झालं, तर दाढेवरचा संशय पक्का होतो. दाढ बधिर, कानशील मात्र तसंच ठणकतंय, तर ती दाढ काढून डोकं थांबणार नाही. चाचणी शंभर टक्के अचूक नाही, पण काढलेली दाढ परत बसत नाही, इंजेक्शनचा बधिरपणा मात्र दोन-तीन तासांत उतरतो.

नस सुजलेली निघाली तर रूट कॅनाल (आरसीटी) करा, म्हणजे आतली नस काढून दाढ भरून घ्या. एक ते तीन बैठका लागतात. इथं एक बारीक गोष्ट विचारून घ्या: वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असली तरी आतल्या नळ्या पुष्कळदा चार असतात. चौथी सुटली की रूट कॅनाल होऊनही दाढ दुखत राहते, आणि लोक म्हणतात ‘आरसीटी फेल गेली’. नंतर चावताना तीन-चार दिवस ते आठवडाभर ठणका राहणं नेहमीचं आहे. नस काढलेली दाढ चिरायची भीती असते, म्हणून कॅप सहा महिने लांबवू नका, काही आठवड्यांत बसवा. दाढ हिरडीखालपर्यंत तुटली असेल, उभी चिरली असेल, किंवा रूट कॅनालचा खर्च खरंच झेपत नसेल, तर काढणं हाही रीतसर इलाज आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त ती जागा रिकामी सोडली तर शेजारच्या दाढा तिकडं कलतात आणि समोरची खालची दाढ वर सरकते, हे माहीत असू द्या. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी सुजलेली नस बरी होत नाही. त्या सूज-ताप असेल तेव्हाच्या, तेही डॉक्टरांनी दिल्या तर.

लवंगेचं तेल कापसाच्या छोट्या बोळ्यावर थेंबभर घेऊन फक्त कीड लागलेल्या खड्ड्यात ठेवलं तर तासभर आराम पडतो. हिरडीला लागलं तर ती भाजते. दाढेत तंबाखू किंवा गोळीची पूड दाबून ठेवणं बंद करा. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे काढणारे अजून बाजारात बसतात. दाढेत किडे नसतात. जे पडलेलं दाखवतात ते दाढेतून आलेलं नसतं.

आता शिवणकाम. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला ‘मशीनवर बसल्यावर’ ही वाटते. सुईवर नजर रोवलेली असते तेव्हा माणूस नकळत दात दाबून धरतो. जेवणं-गिळणं सोडलं तर वरचे आणि खालचे दात दिवसभरात एकमेकांना फारसे टेकायला नकोत. तासन्‌तास दाबले की गालाचा आणि कानशिलावरचा स्नायू थकतो आणि दुखू लागतो. तोंडात टाचण्या धरणं, दातानं दोरा तोडणं यानं त्यात भर पडते. पुढच्या दातांना खाच पडते ती वेगळीच. वर मान पुढं झुकलेली, आणि मानेच्या नसा त्याच ठिकाणी मिळतात हे आधी सांगितलंच.

घरी तपासून पाहा. दात घट्ट दाबा आणि बोटांनी कानशील चाचपा, स्नायू टणक फुगलेला लागेल. आता जबडा सैल सोडून तोच स्नायू आणि गालाचा मागचा भाग दोन बोटांनी पाच सेकंद दाबा. ‘हेच ते, असंच दुखतं’ असं वाटलं, तर अर्धं निदान झालं. आरशात गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत पांढरी आडवी रेघ आणि जिभेच्या कडेला दातांचे ठसे दिसतात का पाहा. कानापुढच्या सांध्यावर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. नुसता कट्‌ आवाज, दुखत नसेल तर, सोडून द्या. तो अनेकांना असतो. स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घाला, ती बसायला हवीत. घरात विचारा, झोपेत दात खाता का. रात्री दात खाणाऱ्याचं कानशील सकाळी जड असतं आणि दिवस वर येता-येता उतरतं. पण सकाळच्या डोकेदुखीला ब्लड प्रेशर, घोरणं आणि गोळ्यांचा अतिरेक हीही कारणं असतात. बीपी एकदा मोजून घ्या.

इलाज साधा आहे आणि त्याला दोन-तीन आठवडे नेट लागतो. ओठ मिटलेले, दात सुटलेले, आणि ‘न’ म्हणताना जीभ जिथं टेकते तिथं टेकलेली, अशी जबड्याची बसण्याची जागा आहे. मशीनच्या चाकावर रंगीत चिंधी बांधा. नजर पडली की दात सोडायचे. दोरा कात्रीनं कापा, टाचण्या उशीत खोचा. दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं उठा. कोमट पाण्यात पिळलेला जाड रुमाल गालावर आणि कानशिलावर १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा. जीभ टाळूला टेकवून, ती न सोडता जेवढं उघडेल तेवढंच तोंड हळू उघडा-मिटा, सहा वेळा, दिवसातून पाच-सहा खेपा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

तोवर कडक भाकरी कोरडी चावू नका, वरणात किंवा दुधात कुस्करून खा. ऊस, फुटाणे, चिक्की, सुपारी बंद. हुरड्याचा हंगाम असेल तर हे जड जाईल, पण एका बैठकीत पाव किलो हुरडा चावणं म्हणजे दुखऱ्या जबड्याला दिवसभराची मजुरी आहे. एकाच बाजूनं चावायची सवय किडक्या दाढेमुळं लागली असणार. दाढ बरी झाली की ती मोडा.

नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कवच) लागलं तर ते दातांचा साचा घेऊन केलेलं, टणक, पूर्ण कमानीवर बसणारं असावं. गरम पाण्यात मऊ करून चावायचं तयार मिळणारं रबरी गार्ड काहींना उलट जास्त दात दाबायला लावतं. आणि ते कॅप बसल्यानंतरच करून घ्या, आधी केलं तर कॅपनंतर बसणार नाही आणि पैसे वाया. ‘चावा जुळत नाही म्हणून डोकं दुखतं’ असं सांगून कुणी चांगले दात घासून कमी करायला निघालं, तर नको म्हणा. घासलेला दात परत येत नाही, आणि त्यानं डोकेदुखी थांबते याला भक्कम पुरावा नाही.

वयाच्या चाळिशीत जवळचा चष्मा लागतो. सुईत दोरा ओवताना हात लांब न्यावा लागत असेल तर नंबर तपासून घ्या. संध्याकाळी कपाळ दुखत असेल तर ते निम्मं तिथंच सुटायचं.

अर्धशिशीचं तुमच्या गावातल्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलंय असं दिसतं. इलाज न केल्यास ४ ते ७२ तास टिकणारी, एका बाजूची, ठोके पडल्यासारखी, हालचालीनं वाढणारी, मळमळ किंवा उजेड-आवाज नकोसे करणारी, अशा निदान पाच खेपा झाल्या की निदान धरतात. दाढ बरी झाल्यानं अर्धशिशी बरी होत नाही. मात्र दाढ आणि जबडा सतत टोचत असले की अर्धशिशीच्या खेपा वाढू शकतात, म्हणून ते मिटवलं की खेपा कमी होण्याची आशा आहे. आशा म्हणतेय, खात्री नाही. हिरड्या साफ केल्या की मायग्रेन जातो अशी जाहिरात दिसली तर विश्वास ठेवू नका. हिरड्या साफ करणं चांगलंच, पण हिरड्यांसाठी.

अर्धशिशीला चेतवणाऱ्या गोष्टी वहीत पकडा: उपाशी राहणं, एकादशी-नवरात्राचे कडक उपास, चुकलेली झोप, उन्हातून आल्यावर कमी पाणी, पाळीच्या आधीचे दोन दिवस. उपास सोडवत नसेल तर दर तीन-चार तासांनी काही तरी पोटात जाऊ द्या, नुसत्या चहावर दिवस काढू नका. डोकं उठण्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी चमकत्या रेषा येत असतील, आणि पाळणा लांबवायच्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना लगेच सांगा. अशा रेषांची अर्धशिशी आणि त्या गोळ्या, ही जोडी पक्षाघाताचा धोका वाढवते. महिन्यात चार किंवा जास्त दिवस अर्धशिशीत जात असतील तर खेपाच कमी करणारं रोजचं औषध मिळतं. ते फिजिशियनकडून घ्या, आणि दमा असेल तर आधी सांगा, कारण त्यातली एक नेहमीची गोळी दम्याला चालत नाही.

आता गोळ्या. आठवड्याला चार-पाच गोळ्या, दिवसाला एक धरली, तर महिन्याला १७ ते २१ दिवस. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांच्या वर चालली की गोळीच डोकं दुखवायला लागते. उतरली की दुखतं, घेतली की थांबतं, आणि माणसाला वाटतं गोळी लागू पडते. मेडिकलवरून सुटी मिळणारी गोळी बहुधा मिश्रणाची असते. डायक्लोफेनॅकसारखी औषधं उन्हाळ्यात, पाणी कमी पडलेल्या अंगात, किडनीला बाधतात. रिकाम्या पोटी घेतली तर जठराला. डॉक्टरांशी बोलून ती थांबवा. थांबवल्यावर साधारण २ ते १० दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, बहुतेक जणी तिथंच हार मानतात. म्हणून हे काम लग्नसराईच्या घाईत नको, हातात शिलाई कमी असताना करा. पुढं आठवड्यात दोन दिवसांच्या वर वेदनाशामक नको. अर्धशिशी उठतेय असं वाटताच लवकर घेतलेली गोळी उपयोगी पडते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटातच पडून राहते.

सासूबाईंना सांगा, नजरेची नस वेगळी आणि दाताची वेगळी. वरची दाढ काढल्यानं दृष्टी जात नाही. हा समज टिकलाय कारण चष्मा लागायचं वय आणि दाढा काढायचं वय बरोबरच येतं. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं, घास चावता-चावता जबडा थकून थांबावं लागतं, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळते, तर ते दातांचं नाही. ती कानशिलातली रक्तवाहिनी सुजलेली असू शकते, आणि तिथं नजर खरोखर जाऊ शकते. सासूबाईंना असं कधी झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

दात घासताना किंवा तोंडावर वारा लागताच विजेचा झटका बसल्यासारखी काही सेकंदांची कळ, तीही ट्रायजेमिनल नसेचीच, पण तिच्यावर औषध वेगळं आहे आणि दाढ काढून ती जात नाही. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखून बसल्यावर थांबत असेल तर हृदय तपासा. एकदम फाटल्यासारखं डोकं, ताप आणि मान आखडणं, बोलणं अडखळणं, किंवा जबड्याखाली सूज येऊन गिळायला, श्वास घ्यायला त्रास, यात रात्र काढू नका.

मिसरीनं हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात आणि थंड-गरम जास्त झोंबतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. सोडल्यावर चार-आठ दिवस डोकं जड होतं, म्हणून गोळ्या आणि मिसरी एकदम सोडू नका, आधी गोळ्या. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे. घरात कुणी गुटखा खात असेल (२०१२ पासून राज्यात बंदी आहे, टपरीवर मिळतोच) आणि त्याच्या तोंडात दोनच बोटं जात असतील, तर त्यालाही बरोबर घेऊन जा.

आधी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात दंत विभागात दाखवा. तिथं रूट कॅनाल जमलं नाही तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. सेलूहून रेल्वेनं सरळ पोचता येतं, पण बैठका एकाहून जास्त लागतील, तेव्हा पुढची तारीख पहिल्याच दिवशी विचारून घ्या. फिजिशियनकडं जाताना चार आठवड्यांची वही न्या: तारीख, बाजू, किती तास, उलटी झाली का, गोळी घेतली का, पाळी, उपास. सोबत आत्तापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. वही भरायला महिना लागतो म्हणून दाढ महिनाभर थांबवू नका; दाढ आधी दाखवा, वही फिजिशियनकडं नंतर न्या.